शून्य मशागत आणि मातीतील कर्ब : एका हिशोबाचा इतिहास

शून्य मशागतीने मातीचे आरोग्य सुधारते आणि मातीत कर्ब साठून हवामानबदलाला आळा बसतो, असे वाक्य तुम्ही पर्यावरणशास्त्राच्या पेपरात बहुधा लिहिले असेल. या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिल्याला भक्कम आधार आहे. दुसरा बऱ्याच उशिरा जोडला गेला आणि त्याचा हिशोब अजून पुरता लागलेला नाही. ते कसे घडले, ते येथे पाहू.

१८३७ मध्ये जॉन डियरने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनवला. गवताळ प्रदेशाची चिकट माती त्यावरून सहज सुटे. पुढच्या शंभर वर्षांत अमेरिकेची मैदाने नांगरली गेली. १९३० च्या दशकात सलग अवर्षणे पडली आणि उघडी माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ चे धुळीचे वादळ 'काळा रविवार' म्हणून ओळखले जाते. त्याच महिन्यात तेथे मृदसंधारणाचा कायदा झाला. १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी 'प्लाउमन्स फॉली' या पुस्तकात नांगरणीच्या गरजेवरच प्रश्न उभा केला.

पुस्तक गाजले, पण नांगर थांबला नाही. कारण साधे आहे : शेतकरी तण मारण्यासाठीही नांगरतो. त्याला दुसरा उपाय मिळाला तो पॅराक्वाट या तणनाशकाच्या रूपाने. १९६२ मध्ये केंटकीत हॅरी यंग यांनी एक एकराहूनही लहान तुकड्यावर न नांगरता पेरणी केली. त्याच वर्षी ओहायोतील वूस्टर येथे ट्रिपलेट आणि व्हॅन डोरेन यांनी तुलनात्मक प्रयोग सुरू केले. ब्राझीलमध्ये हर्बर्ट बार्ट्झ १९७२ मध्ये या वाटेने गेले. तेथे जोरदार पावसाने माती धुपून जात होती. म्हणजे ही पद्धत 'नैसर्गिक' म्हणून मिरवली जाते, तरी तिचा प्रसार रसायनाच्या आधाराने झाला. हे विसरू नका.

मातीला फायदा कसा होतो? पिकाचे अवशेष वर राहिले की पावसाच्या थेंबाचा मारा त्यांच्यावर बसतो. बुरशीचे तंतू आणि मुळे मातीचे कण बांधून ठेवतात, गांडुळांची बिळे मोडत नाहीत, पाणी मुरते. मात्र अवशेष काढून नेले आणि फक्त नांगरणी बंद केली, तर जमिनीवर पापुद्रा धरतो आणि पाणी उलट वाहून जाते.

क्योटो कराराच्या (१९९७) काळात कर्बाला बाजारभाव येण्याची चिन्हे दिसू लागली. २००३ मध्ये सुरू झालेल्या शिकागो क्लायमेट एक्स्चेंजमध्ये शून्य मशागतीच्या शेतांना ठरावीक दराने कर्ब-पत मिळत असे, प्रत्येक शेतातली माती न तपासता. आणि जेथे माती तपासली जाई, तेथेही बहुतेक नमुने वरच्या ३० सेंटीमीटरांपर्यंतचेच असत.

येथे वही घ्या. एक हेक्टर शेत, २० सेंटीमीटर खोली, म्हणजे २,००० घनमीटर माती. नांगरलेल्या मातीची घनता प्रति घनमीटर १.२ टन धरली, तर माती २,४०० टन. सेंद्रिय कर्ब १ टक्का, म्हणून २४ टन. न नांगरलेली माती दबून बसते. तिची घनता १.४ धरा. कर्बाची टक्केवारी तीच ठेवा. उत्तर येते २८ टन. चार टन कर्ब 'वाढला', पण तो आला कोठून? कोठूनच नाही. तेवढ्याच खोलीत जास्त माती मावली, इतकेच. तुलना करायची तर दोन्हीकडे २,४०० टन मातीच घ्यायला हवी. दबलेल्या मातीत ती सुमारे १७ सेंटीमीटरांतच भरते. स्थापत्यच्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागू नये, पण कित्येक प्रकाशित आकड्यांत ही दुरुस्ती नव्हती.

दुसरी अडचण खोलीची. नांगर अवशेष खाली गाडतो आणि भुसभुशीत मातीत मुळेही खोल जातात. २००७ मध्ये जॉन बेकर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ३० सेंटीमीटरांच्या खालची माती मोजली की शून्य मशागतीची आघाडी बऱ्याच ठिकाणी दिसत नाही. २०१० मध्ये लुओ आणि सहकाऱ्यांनी ६९ प्रयोगजोड्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष तसाच निघाला : कर्ब वरच्या थरात वाढतो, खाली घटतो, एकूण साठा फारसा बदलत नाही. त्याच वर्षी शिकागोचा तो बाजार बंद पडला. त्याचे कारण मात्र मागणी आटल्याचे होते, मातीचे नव्हे.

भारतात हरियाणाच्या गहू उत्पादकांनी ही पद्धत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उचलली. तेथे 'गुल्ली डंडा' हे तण आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासे झाले होते. माती न हलवल्याने ते कमी उगवले, भातानंतरची पेरणी लवकर झाली आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाचल्या. माझ्या मते हवामानाच्या खात्यात ठामपणे जमा धरावे ते हे वाचलेले डिझेल. त्यासाठी मातीचा नमुना लागत नाही, आणि पुढच्या वर्षी नांगर फिरवला तरी वाचलेले डिझेल परत जळत नाही. साठलेल्या कर्बाबद्दल ही खात्री देता येत नाही.

आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २०१९ मध्ये आपले गुणक सुधारले. उष्ण, कोरड्या प्रदेशात पूर्ण मशागतीच्या तुलनेत शून्य मशागतीचा गुणक २००६ मध्ये १.१७ होता, तो १.०४ झाला. म्हणजे १७ टक्के अपेक्षित वाढ ४ टक्क्यांवर आली, आणि हिशोबाची प्रमाण खोली अजूनही ३० सेंटीमीटरच आहे.