काकींच्या हातातली गोळी कुठून आली?

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात चालू द्या. पण थापताना बोटं आणि मनगटं ठणकत असतील, तर आजचं बोलणं जरा कान देऊन ऐका.

आमच्या गटात एक काकी आहेत. गटात आल्यावर त्या सही करायला शिकल्या. कर्जाच्या कागदावर आपल्या नावाची सही करताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. एका बैठकीत त्यांनी पेन खाली ठेवला आणि शाईचा पॅड मागितला. आम्हाला वाटलं, चेष्टा करतायत. हात बघितला तर बोटांची पेरं सुजलेली आणि मूठ मिटेना. म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं लाकडासारखी असतात गं." आम्ही काय म्हणालो? "काकी, वात आलाय. वय झालं आता." काकींनी तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. ती आमची चूक होती, आणि ती आज सगळ्यांसमोर सांगतोय.

मग आठवडी बाजारातल्या एकाकडून काकींनी पुड्या आणल्या. चार दिवसांत हात मोकळे झाले, आम्हीही खूश झालो. दोन-तीन महिन्यांत त्यांचा चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली, आणि पुडी बंद करताच दुखणं दुपटीनं उठलं. शेवटी आम्ही दोघी-तिघी त्यांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे काढले. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आमवात आहे. त्याला डॉक्टरी भाषेत रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. त्यांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. सोबत दुसऱ्या दिवशी घ्यायला फोलिक अॅसिड.

घरी सुनेनं पाकिटावरचं नाव वाचलं आणि म्हणाली, "आत्याबाई, ही तर मला दिवस गेल्यावर आशाताईंनी दिली होती!" काकी आमच्याकडे आल्या. "गरोदर बाईची गोळी मला कशाला?" आम्हाला उत्तर देता येईना. ते शोधायला गेलो आणि एक मोठा इतिहास हाती लागला.

आमवात आपल्याकडे नवा नाही. सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदान या वैद्यकाच्या ग्रंथात त्यावर वेगळा अध्याय आहे. युरोपात मात्र सांधेदुखी म्हटली की डॉक्टरांना आठवायचा गाउट, म्हणजे मांस-दारूवर जगणाऱ्या श्रीमंत पुरुषांचा आजार. १८०० साली पॅरिसमध्ये लांद्रे-बोव्हे नावाचा एक तरुण डॉक्टर सालपेत्रिएर या दवाखान्यात शिकत होता. तिथं गोरगरीब, निराधार बायांना ठेवत. त्याला दिसलं की यांचेही सांधे सुजतात, वाकडे होतात, पण या कुठल्या श्रीमंत? त्यानं या बायांची दुखणी नोंदवून प्रबंध लिहिला. पाश्चात्त्य वैद्यकात या आजाराचं पहिलं स्पष्ट वर्णन म्हणून तोच धरला जातो. रुमेटॉइड आर्थ्रायटिस हे नाव पुढं १८५९ साली लंडनच्या डॉक्टर गॅरॉड यांनी दिलं.

हा आजार म्हणजे सांध्यांची झीज नव्हे. म्हातारपणी गुडघे झिजतात ते वेगळं. शरीरात रोगजंतूंशी लढणारी फौज असते. या आजारात ती फौज आपल्याच सांध्यांवर उलटते. म्हणून तो तिशी-चाळिशीतही होतो, आणि पुरुषांपेक्षा बायांना दोन ते तीन पट जास्त होतो.

औषधं हळूहळू आली. १८९९ साली अॅस्पिरिन बाजारात आलं. त्यानं दुखणं कमी व्हायचं, पण सांधे खराब होतच राहायचे. १९३० च्या आसपास सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं आली. स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरबाईंनी याच आजारासाठी सल्फासॅलॅझिन हे औषध तयार करून घेतलं. त्या १९३७ साली तिथल्या प्राध्यापक झाल्या. त्यांचं औषध आजही दिलं जातं.

आता पुडीची गोष्ट. अमेरिकेत डॉक्टर हेंच यांना आढळलं होतं की गरोदरपणात बऱ्याच बायांचा आमवात आपोआप कमी होतो. म्हणजे शरीरातच काहीतरी बनत असणार, जे आराम देतं. त्या शोधात ते आणि त्यांचे सहकारी कॉर्टिसोनपर्यंत पोचले. सप्टेंबर १९४८ मध्ये २९ वर्षांच्या एका बाईला त्याचं इंजेक्शन दिलं. तिला धड चालता येत नव्हतं, ती काही दिवसांत पायी खरेदीला गेली. जगभर नाव झालं. १९५० साली हेंच आणि आणखी दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण मोठ्या मात्रेत रोज दिल्यावर त्याचा त्रासही समोर आला. चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं. या जातीच्या औषधाला आपण स्टिरॉइड म्हणतो. डॉक्टर ते मोजून, गरजेपुरतं देतात. काकींच्या पुडीत तेच असावं असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आमवातात चार दिवसांत जादू करणारी, नावगाव नसलेली पुडी दिसली तर आधी हीच शंका घ्या.

आणि आता फोलिक अॅसिड. मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या मुंबईत सुरू होते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग व्हायचा, अंगातलं रक्त कमी व्हायचं, कित्येक बाया दगावायच्या. विल्सबाईंनी या बायांचं खाणंपिणं तपासलं. ताटात भाजी, फळ, दूध नावालाच. त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माईट, देऊन बघितला आणि बाया सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे छापलं. त्या अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे तेव्हा माहीत नव्हतं. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तसा घटक वेगळा काढला. लॅटिन भाषेतल्या पान या शब्दावरून त्याला फोलिक अॅसिड नाव पडलं.

पुढं आले आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चमूनं १९४० च्या दशकात फोलिक अॅसिड कारखान्यात बनवण्याची रीत काढली. मग त्याच्या उलट काम करणारी, म्हणजे त्याला अडवणारी औषधंही बनवली. बोस्टनचे डॉक्टर फार्बर यांनी त्यातलं एक औषध रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांना दिलं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट. १९५१ साली गुबनर या डॉक्टरांनी याच जातीचं औषध आमवाताच्या रोग्यांना दिलं तेव्हा सांधे सुधारल्याचं दिसलं. पण तेव्हा सगळे कॉर्टिसोनच्या मागे होते. खऱ्या मोठ्या चाचण्या १९८० च्या दशकात झाल्या, आणि १९८८ साली अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. कर्करोगात लागते त्याहून फारच थोडी मात्रा, तीही आठवड्यातून एकदा. पुढं महागडी इंजेक्शनंही निघाली, पण आजही बहुतेकांचा उपचार याच गोळीपासून सुरू होतो.

आता काकींच्या प्रश्नाचं उत्तर. मेथोट्रेक्सेट फोलिक अॅसिडला अडवतं, त्यामुळं तोंड येणं, मळमळ असे त्रास होतात. ते कमी व्हावेत म्हणून वेगळ्या दिवशी फोलिक अॅसिड देतात. गिरणीतल्या बायांच्या दुखण्यातून सुरू झालेला शोध फिरून काकींच्या हातावर आला, तो असा.

या गोळीची शिस्त मात्र कडक आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमच्या काकींनी गटाच्या साप्ताहिक बैठकीचा वार धरलाय. बैठकीचा वार तो गोळीचा वार, फोलिक अॅसिडचा वेगळा, आणि दोन्ही कॅलेंडरवर दोन रंगांत. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त आणि लिव्हर तपासायचं. गरोदरपणात ही गोळी अजिबात चालत नाही, म्हणून मूल हवं असलेल्या बाईनं डॉक्टरांना आधीच सांगायचं. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. महिन्याभरात काही झालं नाही म्हणून सोडू नका.

गोळीसोबत रोजची राहणी लागते. पूर्वी डॉक्टर अशा रोग्याला महिनोन्‌महिने अंथरुणावर ठेवत, सांधे प्लास्टरमध्ये बांधत. पुढं दिसलं की त्यानं स्नायू गळतात आणि सांधे आखडतात. आता सांगतात, सूज जोरात असेल तेव्हा विश्रांती घ्या, एरवी हलते राहा. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडा-मिटा. रोज थोडं चाला. मोठी घागर एकदम उचलण्यापेक्षा छोटी कळशी दोनदा न्या. विळ्याच्या, उलथन्याच्या मुठीला चिंधी गुंडाळून ती जाड करा, बोटांवर ताण कमी येतो. घरात विडी-सिगारेट असेल तर बंद करा, धूम्रपानानं हा आजार होण्याचा आणि वाढण्याचा धोका असतो. दही-आंबट सोडून आमवात बरा होत नाही, आणि कुठल्याही एका पदार्थानंही होत नाही. पालेभाजी, डाळ, कडधान्य, दूध किंवा अंडं पोटभर खा, वजन आटोक्यात ठेवा.

काकींची दोन बोटं वाकली ती वाकलीच. झालेलं नुकसान गोळी परत आणत नाही, पुढचं थांबवते. आपण "वय झालं" म्हणण्याऐवजी त्यांना तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं, तर ती दोन बोटं वाचली असती. म्हणून आता आमच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की एक प्रश्न विचारतो. सकाळी कुणाचे सांधे अर्धा-एक तास आखडतात का? दोन्ही हातांची बोटं सुजतात का? सहा आठवडे असं चाललं असेल, तर तिला एकटीला पाठवत नाही, दोघी सोबत जातो.

गेल्या बैठकीत काकींनी सही केली. अक्षरं तिरपी आली, वेळ लागला. वहीवर मागची अंगठ्याची निशाणी आहे, तिच्याखाली नाव आहे.

तुमच्या गटातही हे दोन प्रश्न विचारा. येतो आम्ही, नमस्कार.