एका फेरीचे रौप्य

8 ऑगस्ट 1984. लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियममध्ये 400 मीटरच्या अंतिम शर्यतीसाठी आठ जण पात्र ठरले होते, पण धावायला उतरले सातच. जमैकाचा विश्वविजेता बर्ट कॅमेरॉन उपांत्य फेरीत मांडीचा स्नायू दुखावल्याने वाटेतच थांबला होता. त्याही अवस्थेत पुन्हा धावत सुटून त्याने अंतिम फेरी गाठली, मात्र प्रत्यक्ष शर्यतीला तो उभा राहू शकला नाही. उरलेल्या सातांपैकी तिघे पश्चिम आफ्रिकेचे होते : नायजेरियाचे संडे उती आणि इनोसंट एग्बुनिके, आणि आयव्हरी कोस्टचा वीस वर्षांचा गॅब्रिएल तियाको.

अमेरिकेच्या अलोंझो बेबर्सने 44.27 सेकंदांत सुवर्ण जिंकले. तियाको 44.54 सेकंदांत दुसरा आला, अमेरिकेचाच अँटोनियो मॅके 44.71 सेकंदांत तिसरा. मैदानावरच्या अंतरात मोजले तर रौप्य आणि कांस्य यांच्यामध्ये जेमतेम दीड मीटर होते. आयव्हरी कोस्टच्या स्वातंत्र्याला आदल्याच दिवशी चोवीस वर्षे पूर्ण झाली होती, आणि ऑलिंपिकमधले त्या देशाचे हे पहिलेवहिले पदक. भारतीयांना ते ऑलिंपिक आठवते ते पी. टी. उषाचे कांस्य 400 मीटर अडथळ्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले म्हणून. त्याच ट्रॅकवर एका छोट्या आफ्रिकी देशाचे पदकांचे खाते उघडले गेले, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

400 मीटर ही शर्यत शरीराचा अंत पाहते. संपूर्ण फेरी आपापल्या लेनमध्येच धावायची असते आणि वळणांमुळे सुरुवातीच्या रेषा मागेपुढे असतात. त्यामुळे नेमके कोण पुढे आहे, हे शेवटच्या सरळ पट्ट्यात येईपर्यंत धावपटूंनाही कळत नाही. तीनशे मीटरनंतर पाय जड होतात, पावले आखडू लागतात. तिथून पुढे वेग कुणाचाच वाढत नसतो. ज्याचा वेग सर्वांत कमी घटतो, तो जिंकतो.

पश्चिम आफ्रिकेला ही शर्यत नवी नव्हती. 1968 साली मेक्सिको सिटीत सेनेगलचा अमादू गाकू 45.01 सेकंदांत चौथा आला होता. त्याच्या पुढचे तिघेही अमेरिकेचे होते. गाकूचे पदक हुकल्यानंतरच्या सोळा वर्षांत खेळापेक्षा राजकारणच आडवे येत गेले. 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकवर बहुतेक आफ्रिकी देशांनी बहिष्कार घातला. आयव्हरी कोस्ट तिथे गेला, पण 1980च्या मॉस्को ऑलिंपिकपासून दूर राहिला. लॉस एंजेलिसमध्ये तो देश आठ वर्षांनी परतत होता. पश्चिम आफ्रिकेच्या धावपटूला ऑलिंपिकच्या 400 मीटरमध्ये वैयक्तिक पदक मिळाले ते तियाकोच्या रूपाने पहिल्यांदाच. पुढे काही दिवसांतच उती आणि एग्बुनिके यांच्यासह नायजेरियाच्या चमूने चार गुणिले चारशे रिलेचे कांस्य मिळवले.

तियाकोची कारकीर्द घडली ती अमेरिकेतल्या विद्यापीठात. वॉशिंग्टन राज्यात, गव्हाच्या शेतांच्या टेकड्यांमध्ये वसलेले पुलमन हे लहानसे गाव. तिथल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन चॅप्लिन यांनी आफ्रिकेतल्या धावपटूंसाठी दार उघडे ठेवले होते. केनियाचा हेन्री रोनो 1978 साली इथेच शिकत होता, आणि 81 दिवसांत चार जागतिक विक्रम मोडून त्याने पुलमनचे नाव जगभर नेले. लॉस एंजेलिसमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकणारा ज्युलियस कोरिर याच विद्यापीठाचा. अमेरिकी विद्यापीठांच्या स्पर्धांत दर आठवड्याला तगडे प्रतिस्पर्धी भेटत. तियाकोला तिथे तो सराव मिळाला.

त्याचे फळ 1986 मध्ये दिसले. इंडियानापोलिसमधल्या राष्ट्रीय विद्यापीठ अजिंक्यपद स्पर्धेत तियाको 44.30 सेकंदांत पहिला आला. हा आफ्रिकेचा नवा विक्रम होता. पुढच्याच वर्षी एग्बुनिकेने 44.17 सेकंदांची वेळ देऊन तो मोडला. एकाच पिढीतले, एकाच किनाऱ्यावरचे दोन शेजारी एकमेकांना असे पुढे रेटत होते.

एप्रिल 1992 मध्ये, बार्सिलोना ऑलिंपिकला चार महिनेही उरले नसताना, तियाकोचे अटलांटामध्ये मेनिंजायटिसने निधन झाले. वय अवघे 28. आयव्हरी कोस्टने त्याचे नाव जपले. आबिजानमध्ये त्याच्या नावाने आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स मीट भरवली जाऊ लागली.

त्याचा वारसा पुढे चालवला तो स्त्रियांनी. म्युरिएल अहुरेने 2013 साली मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत 100 आणि 200 मीटर, दोन्हींत रौप्य मिळवले. 2017 साली लंडनमध्ये मारी-जोझे ता लूनेही नेमकी तीच दोन रौप्यपदके जिंकली. तिथे 100 मीटरमध्ये अमेरिकेच्या टोरी बोवीने अंतिम रेषेवर अंग झोकून दिले आणि ती कोसळली. वेळा होत्या 10.85 आणि 10.86. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत 60 मीटरमध्ये अहुरे पहिली, ता लू दुसरी. 2022 मध्ये मोनाकोत ता लूने 10.72 सेकंदांचा आफ्रिकी विक्रम केला.

ऑलिंपिकने मात्र तिला हुलकावणीच दिली. रिओत ती 100 आणि 200 दोन्ही शर्यतींत चौथी आली. 100 मीटरमध्ये तर तिची आणि कांस्यपदक विजेत्या शेली-ॲन फ्रेझर-प्राइसची वेळ शंभरांशापर्यंत सारखीच, 10.86 होती. निकाल लागला तो सेकंदाच्या हजारांशावर. टोकियोतही ती 100 मीटरमध्ये चौथीच राहिली. पॅरिसला 2024 च्या अंतिम शर्यतीत दुखापतीने तिला गाठले आणि ती आठवी आली. तियाकोनंतर देशाला ऑलिंपिक पदके मिळाली ती 2016 पासून, आणि तीही तायक्वांदोत. 2024 च्या पॅरिसपर्यंत ट्रॅकवरचे आयव्हरी कोस्टचे एकमेव ऑलिंपिक पदक तियाकोचेच आहे.