दुखरा पाय आणि मनुष्याची चाल

आजचें भाषण पायांविषयीं आहे. डोळा दुखूं लागला तर मनुष्य लगेच डॉक्टरकडे जातो. पाय दुखूं लागला तर तो चार दिवस लंगडतो, आणि लंगडणें अंगवळणीं पडलें म्हणजे दुखणें गेलें असें समजतो. वास्तविक पाय बरा झालेला नसतो. त्यानें केवळ आपली चाल बदललेली असते. दुखणें आणि चाल यांमधील हा संबंध ओळखावयास मनुष्यास फार काळ लागला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम निरोगी चाल कशी असते तें पाहूं. मनुष्याच्या एका पावलांत २६ हाडें असतात. पाऊल टाकतांना आधीं टांच टेंकते; मग भार तळव्याच्या बाहेरील कडेनें पुढें सरकतो, चवड्यावरून आंत वळतो आणि शेवटीं आंगठा जमिनीस रेटा देऊन शरीर पुढें लोटतो. या क्रमांतील एखादें स्थान दुखावलें, कीं आपण नकळत तेथील भार दुसरीकडे नेतों. आणि ज्यांच्यावर तो जातो त्या सांध्यांना त्याची संवय नसते. म्हणूनच तळव्याची कुरकुर कित्येकदां गुडघ्यांत किंवा कंबरेंत ऐकूं येते.

युरोपांत हा क्रम बिघडविण्यास जोड्यांनींच मोठा हातभार लावला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथें उंच टांचेचे जोडे प्रचारांत आले. अशा जोड्यांसाठीं डाव्या व उजव्या पायाचे निरनिराळे लांकडी फर्मे करणें कारागिरांस कठीण पडे. म्हणून दोन्ही जोडे एकाच सरळ फर्म्यावर करण्याची रीत पडली, आणि ती सुमारें दोनशें वर्षें टिकली. पाय डावा-उजवा राहिला, जोडा मात्र तसा राहिला नाहीं! हॉलंडमधील शारीरशास्त्रज्ञ पेट्रुस कांपर यानें १७८१ सालीं उत्तम जोडा कसा असावा यावर एक निबंध प्रसिद्ध केला. घोड्याच्या खुरांची एवढी काळजी वाहणारे लोक मनुष्याच्या पायाविषयीं इतके उदासीन कसे, याचें त्याला नवल वाटलें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झुरिकच्या हेर्मान फोन मायर यानें दाखवून दिलें कीं, निरोगी पायाच्या आंगठ्याची रेषा मागें वाढविली तर ती टांचेच्या मध्यांतून जाते. जोडा या रेषेस धरून बेतावा, असें त्याचें सांगणें होतें.

परंतु पायाचें दुखणें खऱ्या अर्थानें चव्हाट्यावर आणलें तें सैन्यांनीं. १८५५ सालीं ब्रायटहाउप्ट नांवाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरानें एका चमत्कारिक विकाराचें वर्णन केलें. लांबच्या कुचीनंतर शिपायांचे चवडे सुजत व असह्य दुखत. पण जखम नाहीं, पडल्याची खूण नाहीं. स्नायुबंधांभोंवतालच्या आवरणाचा हा दाह असावा, असें त्याला वाटलें. १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला, आणि १८९७ सालीं त्या किरणांनीं खरें कारण उघडें केलें: चवड्याच्या लांब हाडांस बारीक तडे गेलेले होते. एकाहि मोठ्या आघातावांचून हाड मोडलें होतें. सहस्रावधि लहान आघातांनीं मोडलें होतें. स्नायु थकले म्हणजे ते भार वांटून घेत नाहींत. तो हाडांवर पडतो. पाय बेचाळीस वर्षें हेंच सांगत होता. तें पाहण्याचें साधन मात्र नव्हतें.

पुढें अमेरिकेच्या सैन्यानें एक मंडळ नेमून चार वर्षें या प्रश्नाचा अभ्यास केला. मेजर मन्सन यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें दोन हजार शिपायांचे पाय तपासण्यांत आले, आणि १९१२ सालीं सैन्यासाठीं नवा फर्मा ठरला. शिपायाच्या पाठीवर चाळीस पौंडांचें ओझें देऊन आणि सगळा भार एका पायावर घ्यावयास लावून पायाचें माप घेण्याचा नियम झाला. कारण बसलेल्या मनुष्याचा पाय आणि ओझें घेऊन चालणाऱ्याचा पाय, हे आकारानें एकच नसतात.

तथापि वेदनेचें खरें मोल कळलें तें वेदना हरवलेल्यांकडून, आणि तेंहि आपल्याच देशांत. डॉ. पॉल ब्रँड १९४६ सालीं वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आले. कुष्ठरोगानें मांस आपोआप झडतें, असा त्या काळीं सर्वत्र समज होता. ब्रँड यांच्या ध्यानांत आलें कीं, रोगानें मज्जातंतु बधिर होतात आणि पुढील नाश बहुतांशीं न जाणवलेल्या इजांनीं होतो. निरोगी मनुष्य दूर चालला कीं पाय कुरकुरूं लागतो, आणि तो न कळत पाऊल थोडें निराळें टाकतो. त्यामुळें एकाच जागीं सतत दाब पडत नाहीं. बधिर पायाचा मनुष्य मात्र पहिल्या पावलासारखेंच शेवटचें पाऊल टाकतो, आणि त्याच जागीं व्रण पडतो. यावर उपाय म्हणून वेल्लोरला मऊ सच्छिद्र रबराच्या तळाच्या चपला करण्यांत आल्या.

ज्याचें जळतें त्याला कळतें, असें आपण म्हणतों. ज्याला जळलेलेंहि कळत नाहीं त्याची दशा किती बिकट, हें या रुग्णांनीं जगास दाखविलें. तेव्हां पायाचें दुखणें हा आपला वैरी नव्हे; तो घरचा राखणदार आहे. त्यानें हांक मारली असतां लंगडून त्याचें तोंड बंद करूं नये. आज आपला एखादा जुना जोडा उलटा करून पाहा. त्याचा तळ कोठें अधिक झिजला आहे, एक बाजू दुसरीहून निराळी झिजली आहे काय, हें नीट न्याहाळा. आपल्या चालीची कांहीं बखर तेथें उमटलेली असते. आणि दुखणें चालूच राहिलें तर ती जाणत्या डॉक्टरास दाखवावी, हें बरें.