टाइमिंग बेल्ट बदलल्यावर गाडी बिघडली? हेड उतरवण्याआधी हे तपासा

टाइमिंग बेल्ट बदलून गाडी गॅरेजमधून बाहेर आली आणि उठेना. किंवा उठली, पण दम धरेना, मिसिंग करायला लागली, धूर ओकायला लागली. ही तक्रार छोट्या मालवाहू गाड्या आणि जुन्या मारुती वापरणाऱ्यांना नवी नाही. दूध, भाजीपाला नेणाऱ्याचा त्या दिवसाचा बाजार तर बुडतोच, वर "इंजिन गेलंय, हेड उतरवावं लागेल" असं ऐकलं की पोटात गोळा येतो.

पण बेल्ट बदलायच्या आदल्या दिवशीपर्यंत गाडी धड चालत होती आणि काम झाल्याबरोबर बिघडली, तर दोष बहुतेक वेळा त्याच कामात सापडतो. बेल्ट एखादा दात पुढे-मागे बसलेला असतो, नाहीतर कामासाठी सोडलेली वायर, पाइप, बोल्ट परत नीट लागलेला नसतो. म्हणून पंप, इंजेक्टर, हेड यावर खर्च करण्याआधी तपासणी तिथून सुरू करावी.

आपल्या गाडीला टाइमिंग बेल्ट आहे का?

सगळ्याच गाड्यांना तो नसतो. मारुती ८००, ओम्नी, अल्टो ८००, जुनी सँट्रो, टाटा इंडिका डिझेल, टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, डस्टरचं दीड लिटरचं डिझेल इंजिन, यांना टाइमिंग बेल्ट असतो. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाला चेन असते. ट्रॅक्टरमध्ये हे काम बहुधा गिअर करतात.

बाहेरून दिसणारा फॅन बेल्ट किंवा अल्टरनेटरचा बेल्ट वेगळा. टाइमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो आणि त्याला आतून दात असतात. बिलावर नुसतं "बेल्ट बदलला" लिहिलं असेल, तर कोणता बदलला हे आधी विचारून घ्यावं.

एका दाताने एवढं काय बिघडतं?

खाली क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करते. वर कॅमशाफ्ट वॉल्व्ह उघडते आणि बंद करते. क्रँक दोन फेरे फिरली की कॅम बरोबर एक फेरा फिरली पाहिजे, आणि तीही ठरलेल्या जागेवर. हा मेळ बेल्ट सांभाळतो.

समजा, क्रँकच्या पुलीला २० दात आहेत. बेल्ट एक दात चुकला, तर मेळ १८ अंशांनी हलला. पेट्रोल गाडी एवढ्या फरकाने कशीबशी चालते, पण ओढत नाही. दोन-तीन दात चुकले, तर गाडी उठतच नाही. त्याहून वाईट म्हणजे उघडा वॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनला आदळू शकतो आणि वाकतो. डिझेल इंजिनात पिस्टन आणि वॉल्व्हमध्ये जागा फार कमी असते, म्हणून तिथे हा धोका जास्त.

इंडिकासारख्या जुन्या डिझेल गाडीत डिझेल पंपसुद्धा याच बेल्टवर फिरतो. म्हणजे क्रँक, कॅम आणि पंप अशा तिन्ही खुणा जुळाव्या लागतात. दोन जुळल्या आणि तिसरी चुकली, तरी गाडी त्रास देणारच.

पहिला नियम: सेल्फ मारत बसू नका, धक्का तर मुळीच नको

बेल्ट बदलल्यावर गाडी उठली नाही की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारायचा, आणि मग चार माणसं लावून धक्का द्यायचा किंवा ट्रॅक्टरने ओढायचं. टाइमिंग चुकलेलं असेल तर याच गडबडीत वॉल्व्ह वाकतात. जे काम नुसतं बेल्ट परत बसवून भागलं असतं, ते हेडवर जातं.

गिअर टाकून गाडी मागे ढकलणंही टाळावं. पुढचा गिअर असताना गाडी मागे सरकली तर इंजिन उलटं फिरतं. बेल्ट सैल असेल तर अशा वेळी तो दात सोडू शकतो.

दोन-तीनदा सेल्फ मारून गाडी उठली नाही, की थांबावं.

कोणत्या लक्षणावर कशाचा संशय?

- सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो, गाडी उठत नाही: इंजिनात कॉम्प्रेशन होत नाही. टाइमिंग बरंच चुकलंय, नाहीतर वॉल्व्ह वाकलेत.
- सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण गाडी उठत नाही: आधी सोडलेल्या वायरी आणि सेन्सरचे कनेक्टर बघा. डिझेल गाडीची डिझेल लाइन सोडली असेल तर तिच्यात हवा शिरलेली असते. हातपंपाने ती काढावी लागते.
- गाडी सायलेन्सरमधून फटाके फोडते किंवा कार्ब्युरेटरमधून भडका मारते: जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुतीत डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो. तो काढून उलटा बसवला असेल किंवा प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या असतील, तर हेच होतं.
- चढावर, खालच्या गिअरला दम नाही, वेगात मात्र जरा बरी चालते: कॅम एखादा दात मागे पडल्याची शक्यता.
- डिझेल गाडी पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर देते आणि ओढत नाही: पंपाचं टायमिंग मागे पडलंय किंवा कॉम्प्रेशन कमी आहे.
- डिझेल गाडी खणखणीत ठोके देते: पंपाचं टायमिंग पुढे गेलं असावं. अशी गाडी माल भरून चालवू नये.
- काळा धूर: हवेचा पाइप सुटलाय किंवा नीट बसलेला नाही का, ते आधी बघा.
- निळसर धूर: ऑइल जळतंय. याचा बेल्टच्या टाइमिंगशी सहसा संबंध नसतो.
- वेगाबरोबर वाढत जाणारी शिटी किंवा घरघर: बेल्ट जास्त ताणलाय किंवा टेन्शनरचं बेअरिंग खराब आहे.
- फटफट किंवा घासल्यासारखा आवाज: बेल्ट सैल आहे किंवा कव्हरला घासतोय. इंजिन लगेच बंद करा.
- स्लोला गाडी थरथरते, पण ओढ नेहमीसारखी आहे: बऱ्याच गाड्यांत बेल्ट बदलताना एका बाजूचं इंजिन माउंटिंग सोडावं लागतं. त्याचे बोल्ट तपासा.
- बॅटरीचा दिवा लागतो किंवा गाडी गरम होते: फॅन बेल्ट परत नीट ताणलेला नाही, कूलंट कमी आहे किंवा त्यात हवा अडकली आहे. डस्टरच्या त्या डिझेल इंजिनात वॉटर पंपही टाइमिंग बेल्टवरच फिरतो. गरम होण्यामागे चुकलेलं टाइमिंगही असू शकतं.

तपासणी या क्रमाने करा

१. वरवरचं आधी. बॅटरी, अर्थची वायर, सेन्सरचे कनेक्टर, हवेचे आणि डिझेलचे पाइप. याला पैसे लागत नाहीत, आणि बरेचदा काम इथेच निघतं.

२. स्कॅनर लावा. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर कोड बघून घ्यावा. पी-००१६ हा कोड क्रँक आणि कॅमचा मेळ जुळत नसल्याचा आहे. बेल्ट बदलल्यावर हा आला, तर सरळ टाइमिंगच्या खुणा बघाव्यात. पी-०३३५ क्रँक सेन्सरच्या आणि पी-०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. हे आले तर आधी वायर आणि कनेक्टर बघा, लगेच नवा सेन्सर घेऊ नका.

३. कव्हर काढून खुणा जुळवा. बॅटरीची वायर काढून ठेवायची, गाडी न्यूट्रलला. पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेल गाडीचे हीटर प्लग काढले की इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने सावकाश पूर्ण दोन फेरे द्यायचे. सगळ्या खुणा पुन्हा समोरासमोर आल्या पाहिजेत.

दोन फेरे एवढ्यासाठी, की तेवढ्यात कॅमचा एक फेरा पूर्ण होतो आणि बेल्टचा ढिलेपणा टेन्शनरकडे जातो. बेल्ट बसवताना जुळलेली खूण दोन फेऱ्यांनंतर सरकलेली दिसली, तर बेल्ट चुकीच्या दातावर बसलाय.

फिरवताना मध्येच इंजिन अडलं, तर जोर लावू नये. प्लग जागेवर असतील तर कॉम्प्रेशनचा अडथळा रबरासारखा लागतो, थोडं थांबलं की सुटतो. लोखंडाला लोखंड भिडलं की अडथळा एकदम कडक लागतो. तसं झालं तर तिथेच थांबा, वॉल्व्ह आणि पिस्टन भिडतायत.

काही पुल्यांवर एकापेक्षा जास्त खुणा असतात. आपल्या इंजिनाची खूण कोणती, हे कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात बघूनच ठरवावं. अंदाजाने नाही.

४. क्रँक पुलीचा बोल्ट आणि चावी बघा. पुली आणि शाफ्टमध्ये एक छोटी लोखंडी चावी असते. बोल्ट कमी आवळला गेला, तर ती झिजते किंवा तुटते आणि पुली जागेवरून सरकते. मग बेल्ट बरोबर बसूनही टाइमिंग चुकतं. पुली डगमगत फिरताना दिसली, तर हा दोष समजावा.

५. कॉम्प्रेशन मोजा. हे हेड उतरवण्याच्या आधी व्हायलाच हवं. गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा घ्यायचा. सगळेच आकडे सारखेच कमी आले, तर टाइमिंग चुकलेलं असण्याची शक्यता मोठी. खुणा जुळवून पुन्हा मोजा. खुणा बरोबर असूनही एक-दोन सिलिंडर शून्याच्या आसपास आणि बाकीचे ठीक असतील, तर वाकलेल्या वॉल्व्हचा संशय पक्का होतो. तेव्हाच हेडला हात लावावा.

बेल्ट तुटल्यावर बदलला असेल तर?

ही गोष्ट वेगळी. चालत्या गाडीत बेल्ट तुटला असेल, तर वॉल्व्ह त्याच क्षणी वाकलेले असू शकतात. नवा बेल्ट कितीही नीट बसवला तरी गाडी उठणार नाही, आणि त्यात मिस्त्रीचा दोष नाही. म्हणून बेल्ट तुटून गाडी उभी राहिली असेल, तर नवा बेल्ट लागल्यावर सेल्फ मारण्याआधी हाताने दोन फेरे आणि कॉम्प्रेशनची तपासणी, दोन्ही करून घ्यावं.

जुना बेल्टही बघावा. तो ऑइलने भिजलेला असेल, तर कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय. सील न बदलता नवा बेल्ट टाकला, तर तोही लवकर जाईल. एका बाजूची कड खाल्लेली असेल, तर पुली किंवा टेन्शनर तिरका चालतोय.

गॅरेजमध्ये काय मागायचं?

- बेल्टबरोबर टेन्शनर बदलला का? जुन्या टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही तुटतो.
- खुणा जुळलेल्या असताना मोबाइलवर फोटो काढून घ्या, शक्य तर दोन फेऱ्यांनंतरचा.
- जुना बेल्ट आणि जुना टेन्शनर परत मागा.
- बिलावर तारीख, किलोमीटर आणि कोणते पार्ट टाकले ते लिहून घ्या. पुढच्या वेळी बेल्ट कधी बदलायचा, हेही त्यावरूनच कळतं. गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी येईल ते धरायचं.

दोष कामात निघाला, तर आधी त्याच गॅरेजवाल्याशी शांतपणे बोलावं. फोटो आणि बिल हातात असेल तर बरेचदा तो काम परत करून देतो. नाहीच ऐकलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा मालकही या कायद्यात ग्राहक धरला जातो. मात्र बिलच नसेल, तर आयोगापुढे बाजू मांडणं अवघड जातं.