कोनाचा बाजा हाय बे हा?

अकोल्याचा उन्हाळा म्हणजे कूलर. त्याच्या घरघरीत टीव्हीवरचं काही धड ऐकू यायचं नाही. एका सुटीत आम्ही भाचरं अमरावतीहून मामाकडे गेलो होतो आणि केबलवर 'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' लागला होता. मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. आदल्या रात्रीची वरात करून झोपलेला मामा एकदम उठून बसला.

"कूलर बंद कर लेका, बाजा आयकू दे!"

भर मे महिन्यात! घामाघूम होऊन सिनेमा पाहिला. संपल्यावर मामाने विचारलं, "कोनाचा बाजा हाय बे हा?" आम्हाला अरुण गोविल आणि अमरीश पुरींचे आवाज ओळखता आले होते, पण हे सांगता येईना.

"वरातीत नवरदेवाचं नाव सगळ्यायले ठाऊक रायते. बाजेवाल्याचं कोनालेच नाई," एवढं म्हणून मामा पुन्हा झोपला.

असो. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला हा 1992 चा भारत-जपानचा सिनेमा. संगीत वनराज भाटियांचं. जन्म मुंबईचा, 1927 चा. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, मग पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. परत येऊन दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं, हजारो जाहिरातींना चाली दिल्या, 1974 च्या 'अंकुर'पासून बेनेगलांचे सिनेमे केले. 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ इंग्रजी रामायणातली गाणी चक्क संस्कृतात आहेत. ती वसंत देव यांनी लिहिली.

कार्टूनमध्ये काहीच आयतं मिळत नाही. पावलांचा आवाज नाही, नटाचा श्वास नाही. चित्रातल्या हनुमानाला वजन नसतं, ते वाद्यवृंदाने द्यायचं असतं. मामाच्या कानाला ते झोपेतही कळलं होतं.

2019 मध्ये बातम्या आल्या की भाटियांचे म्हातारपणी पैशांचे हाल चालले आहेत. 7 मे 2021 रोजी ते गेले. मामा त्याआधीच गेला होता.

जानेवारी 2025 मध्ये सिनेमा थिएटरात लागला. एसीत बसून पहिल्यांदा सगळं नीट ऐकलं. शेवटची नावं संपेपर्यंत उठलो नाही.

मामा, वनराज भाटियांचा बाजा होता तो.