कापसाचा कैलास

पुणे-सातारा रस्त्यावर खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकला की थोड्याच वेळात वरवे बुद्रुक लागते. भोर तालुक्यातले हे गाव. पावसाळ्यात भरपूर पाऊस, वळवाबरोबर कधीमधी गारा, थंडीत पहाटेची शेकोटी. पण आभाळातून हिम उतरण्याचा प्रकार इथे नाही. या बाजूच्या माणसाला जवळपास काही गोठलेले पाहायचे तर महाबळेश्वर गाठावे लागते. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाकाठी दव गोठते, बोटीत चढायच्या लाकडी फळ्यांवर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर त्याचा पातळ थर बसतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. आपल्या वाट्याचा बर्फ एवढाच.

तरीही गोठलेले राज्य, बर्फाचा महाल, पांढरी चेटकीण हे सारे आपल्या पोरांच्या चांगल्या ओळखीचे आहे. ‘नार्निया’ आणि ‘फ्रोझन’ त्यांनी हिंदीतून पाहिलेले असतात. त्यांच्या आजोबांनाही बर्फ ठाऊक होता, तो गणपतीच्या मांडवातला. बांबूचा सांगाडा, त्यावर ताणलेले तरट, तरटावर कागदाचा लगदा, वर चुन्याचा हात आणि शेवटी पिंजलेला कापूस. मधोमध शंकर, जटेतून पाण्याची धार, मागून निळा दिवा. कैलास किंवा अमरनाथ हा देखावा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मंडळांनी केला आहे. माझे म्हणणे असे की हा कापसाचा डोंगर आणि परदेशी सिनेमातला तो गोठलेला महाल एकाच कुळातले आहेत.

या कुळाचा मूळपुरुष शोधायला १९१२ साली पॅरिसजवळच्या माँत्रोईला जावे लागते. जॉर्ज मेलिएस हा जादूगार तिथल्या आपल्या काचेच्या स्टुडिओत उत्तर ध्रुवावरच्या स्वारीचा चित्रपट करत होता. त्यात बर्फातून एक अजस्र राक्षस वर येतो आणि संशोधकांना गिळू लागतो. तो राक्षस म्हणजे आतून माणसांनी हलवायची भलीमोठी बाहुली होती. भोवतीचे हिमखंड लाकडाचे आणि रंगवलेल्या कापडाचे. त्याच वर्षी आपले दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले होते. तेही जादूगार, आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. दोघांची कला एकच होती. जे समोर नाही ते आहे असे डोळ्यांना पटवायचे, आणि त्यासाठी हाताशी असेल ते सामान वापरायचे.

फाळक्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’. कोल्हापूर सिनेटोनचा हा चित्रपट १९३७ साली आला. विषयच गंगा पृथ्वीवर आणण्याचा, म्हणजे हिमालय आणि शंकराच्या जटा आल्याच. कोल्हापुरात तोवर रंगवलेल्या पडद्यांची मोठी परंपरा उभी राहिली होती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले आणि तिथूनच ते सिनेमाकडे वळले. पडदे रंगवणारे, सिनेमाची पोस्टरे करणारे आणि उत्सवातले देखावे उभारणारे हात आपल्याकडे पुष्कळदा एकच असत. मांडवातला कैलास कुठून आला याचे उत्तर मला या हातांत दिसते.

अमेरिकेतही सुरुवात कापसानेच झाली. स्टुडिओ कॅलिफोर्नियात, तिथे ऊन बारमाही. चॅप्लिनने ‘द गोल्ड रश’ (१९२५) साठी आधी सिएरा नेवाडाच्या खऱ्या बर्फात शेकडो माणसे चढवली, पण बराचसा चित्रपट अखेर स्टुडिओतच केला. तिथला डोंगर लाकूड, पोत्याचे कापड, प्लास्टर, मीठ आणि पीठ यांचा होता. कापसाचे दुखणे वेगळे होते. तो झटकन पेट घेतो आणि स्टुडिओतले दिवे भयंकर तापत. मग न जळणारे पांढरे काही हवे म्हणून ॲस्बेस्टॉस आला. नाताळच्या सजावटीसाठी तो डब्यांतून घरोघर विकला जाई, आणि सिनेमाच्या सेटवर नटांच्या डोक्यावर भुरभुरवला जाई. आगीची भीती गेली, पण त्याचे तंतू माणसांच्या फुप्फुसात गेले. या कुळकथेतला हा सर्वांत वाईट अध्याय आहे, आणि तो केवळ सोयीपोटी घडला.

दुसरी अडचण बोलपटांनी आणली. पांढरे केलेले कॉर्नफ्लेक्स दिसायला छान, पण त्यावर पाय पडला की असा कुरकुराट होई की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. दिग्दर्शक फ्रँक काप्राला ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’साठी ते नको होते. १९४६ च्या उन्हाळ्यात, नट जाड कोटांत घामाघूम होत असताना, आरकेओ स्टुडिओच्या रसेल शर्मन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून ते मिश्रण दाबाने पंख्यापुढे सोडले. तो बर्फ मुकाट्याने पडला, खांद्यावर चिकटला, पायाखाली दबला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने या कामाला तांत्रिक पुरस्कार दिला. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. तोवर बर्फ दिसण्यावर सारी मेहनत होती. इथून पुढे बर्फ वागतो कसा याचा विचार सुरू झाला.

पुढची सामग्री झरझर बदलली. ‘डॉक्टर झिवागो’ (१९६५) मधला गोठलेला वाडा स्पेनमध्ये मधमाशांच्या मेणाने आणि संगमरवराच्या भुकटीने घडला. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) साठी मंडळी नॉर्वेच्या हिमनदीवर गेली, पण छोट्या प्रतिकृतींसाठी त्यांना खरा बर्फ कामाचा नव्हता. वीतभर यंत्राच्या पायाशी बर्फाचा खरा कण धोंड्याएवढा दिसतो. म्हणून तिथे खाण्याचा सोडा आणि काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे पसरले. पुढे इंग्लंडमध्ये बारीक चिरलेल्या कागदाचा बर्फ करणारे कारागीर उभे राहिले.

‘फ्रोझन’ (२०१३) मध्ये सामानच संपले, हिशेब उरला. डिस्नीची माणसे वायोमिंगच्या खोल बर्फात लांब झगे घालून चालली, पुरुषसुद्धा, कारण झग्याचा घेर बर्फातून कसा ओढला जातो हे पाहायचे होते. हिमकणांचे अभ्यासक केनेथ लिब्रेक्ट यांच्याकडून त्यांनी स्फटिकांची घडण समजून घेतली. गणितज्ञांनी बर्फाचे असंख्य कण मानले. प्रत्येक कण आपले वजन आणि वेग वागवतो, ठराविक मर्यादेपेक्षा दाबला वा ताणला की त्याची मूळची घडण सुटते. बर्फ धड दगड नाही, धड पाणीही नाही. कधी ढेकूळ होतो, कधी सरकतो, कधी भुगा होतो. हे वागणे समीकरणात बसले तेव्हा पाऊल उमटले. कापसाला कधीच न जमलेली गोष्ट हीच: कापूस दाबला तरी फुगून वर येतो.

आपल्या मांडवांत मधल्या काळात कापसाची जागा थर्माकोलने घेतली. हलका, स्वस्त, सुरीने हवा तसा कापता येणारा. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने त्यावर बंदी घातली आणि मंडळे पुन्हा कागद, कापड, बांबूकडे वळू लागली. हे चांगलेच झाले, कारण विसर्जनानंतर थर्माकोलचा चुरा ओढ्यानाल्यांतून वर्षानुवर्षे तसाच राहतो.

हॉलिवूडने आपल्या खोट्या बर्फाच्या पाककृती जपल्या, त्यावर पुस्तके झाली. आपल्या मांडवांतल्या हिमालयाची नोंद मात्र कुणी ठेवलेली दिसत नाही, आणि तो उभारणारे हात आता थकले आहेत. म्हणून वरव्याच्या आणि भोर-वेल्ह्याच्या गावागावांतल्या मंडळांना एक विनंती आहे. यंदा कैलास केलात तर कापूस दिव्यांपासून दूर ठेवा, आणि तो डोंगर कसा केला ते वहीत लिहून ठेवा: सांगाडा कशाचा, लगदा किती दिवस भिजवला, पाण्याची धार कुठून फिरवली, उंची किती. गावात जुना कारागीर असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन बसा, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याचे नाव घाला.