रानच्या मांसाला तपासणी नाही



बीबी-लोणारच्या शिवाराला रानडुक्कर अन् रोही नवे नाहीत. रात्रभर जागलीला बसावं, तरी सकाळी तूर आडवी झालेली दिसते. अशात नाल्याकाठी एखादं रानडुक्कर मरून पडलेलं सापडलं, की कुणी तरी म्हणतंच, "पीक खाल्लं त्यानं, आता आपण त्याला खाऊ." राग खरा आहे. पण त्या मांसाबरोबर घरात काय येऊ शकतं, हे जग फार मोठी किंमत मोजून शिकलं आहे.

1835 साली लंडनमध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला एका प्रेताच्या स्नायूंत वाळूच्या कणांसारखे ठिपके दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ठिपक्यात वेटोळं घातलेला बारीक जंत निघाला. त्याचं नाव ट्रायकिनेला. तो माणसात येतो कुठून, हे पंचवीस वर्षं कळलं नाही. 1860 साली जर्मनीत ड्रेस्डेनला एक मोलकरीण दगावली. आधी विषमज्वर वाटला होता. पण झेंकर या डॉक्टरांना तिच्या स्नायूंत हेच जंत सापडले, आणि तिच्या मालकाकडच्या डुकराच्या मांसातही सापडले. 1865 साली हेडर्सलेबेन गावात 337 माणसं आजारी पडली, त्यातली 101 मेली. पुढे तिकडं कापलेल्या डुकराचं मांस तपासण्याची सक्ती झाली.

रानात मारलेल्या जनावराला मात्र कुणी तपासत नाही. जंत साध्या डोळ्याला दिसत नाही. मांस खारवलं, वाळवलं किंवा धुरावर धरलं, तरी तो खात्रीनं मरत नाही. अर्धकच्चं मांस म्हणजे धोकाच.

दुसरा रोग काळपुळी, ज्याला आपण फाशीही म्हणतो. 1876 साली रॉबर्ट कोख यांनी दाखवलं, की याचे जंतू बीजासारखं टणक रूप घेतात. आपलं बियाणं काही वर्षांत निकामी होतं. हे बीज मातीत कित्येक वर्षं टिकतं. मेलेलं जनावर फाडलं, रक्ताला हवा लागली, की ते तयार होतं. म्हणून इथं नुसतं शिजवून भागत नाही. कापणाऱ्याच्या हातालाच आधी धोका. 1881 साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी लस टोचलेली मेंढरं तगली, न टोचलेली मेली. आपल्या गुरांना मिळणारी लस त्याच वाटेनं आली.

ही जुनी गोष्ट झाली असं समजू नका. जून 2022 मध्ये केरळात अतिरप्पिळ्ळीच्या जंगलात रानडुकरं मरून पडली, आणि तपासात काळपुळीच निघाली.

शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय शिकार गुन्हा आहे, आणि मेलेलं रानजनावरही सरकारची मालमत्ता ठरतं.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा :

1. मेलेलं रानजनावर शिवू नका, फाडू नका, कुत्र्यालाही घालू नका. वनखात्याला 1926 या नंबरावर कळवा.
2. गोठ्यातलं जनावर अचानक मेलं, नाका-गुदातून काळं रक्त आलं, तर कातडं सोलू नका. पशुवैद्याला बोलवा.
3. असं मांस हाताळल्यावर किंवा खाल्ल्यावर ताप, अंगदुखी, काळी पुळी किंवा पोटदुखी झाली, तर दवाखान्यात जा आणि काय खाल्लं ते लपवू नका.
4. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडं भरपाईचा अर्ज वेळेत द्या.

गेलेली तूर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. घरातलं माणूस गेलं, तर ते परत येत नाही.